तोरणा–राजगड धारेवरून परत फिरताना : एका मोहिमेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातील तोरणा आणि राजगड हे दोन किल्ले सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या एका डोंगररांगेवर आहेत. त्यांना जोडणाऱ्या डोंगरधारेवरून एका दिवसात एका गडावरून दुसऱ्या गडावर पायी जाता येते. अंतर साधारण ११ ते १२ किलोमीटर आहे आणि मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता ही धार ओलांडतो. वेल्ह्यातून तोरण्यावर चढायचे, मेंगाईच्या मंदिरापाशी न्याहारी करायची, बुधला माचीवरून धारेवर उतरायचे आणि संध्याकाळी संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून राजगडात शिरायचे, असा या वाटेचा रूढ क्रम आहे. महाराष्ट्रात डोंगर चालणाऱ्या बहुतेकांच्या मनात ही वाट केव्हा ना केव्हा करायची म्हणून नोंदलेली असते.

ज्या मोहिमेविषयी लिहीत आहे तिचे नेतृत्व माझ्याकडे होते. आम्ही एकूण ११ जण होतो : मी, गिर्यारोहणाचा मूलभूत अभ्यासक्रम केलेला माझा सहकारी आणि नऊ सदस्य. महिना फेब्रुवारीचा होता. सदस्यांपैकी एक जण पन्नाशीकडे झुकलेले होते आणि वयाने सर्वांत मोठे असल्यामुळे सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. येथेही त्यांचा उल्लेख तसाच करतो. त्यांच्या संमतीने हे लिहीत असलो, तरी ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

नावनोंदणीच्या वेळी मी प्रत्येकाला फोनवर विचारले होते की याआधी कोणकोणते गड केले आहेत. काकांनी सिंहगड, लोहगड आणि पाली दरवाजाने राजगड अशी नावे सांगितली. उत्तर खरे होते आणि मला ते पुरेसे वाटले. पण या तिन्ही ठिकाणी त्यांनी घेतलेली वाट रुंद, पायऱ्यांची किंवा मळलेली आहे; दोन्ही बाजूंना एकाच वेळी खोली दिसते असा प्रसंग तिथे येत नाही. मी त्यांच्या दमाची चौकशी केली होती, उंचीवर डोळे फिरतात का याची केली नव्हती.

वाटेचे स्वरूप

या धारेवर धोका नेमका कशात आहे हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय समजणार नाहीत, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सह्याद्री बसाल्टच्या थरांचा बनलेला आहे. कठीण थराचा कडा उभा राहतो आणि मऊ थराची झीज होऊन त्यावर माती, मुरूम आणि गवताचा उतार तयार होतो; मग पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशी उतरंड खालपर्यंत गेलेली असते. धारेवर उभे राहून खाली पाहिले की गवताचा उतार दिसतो, त्याखालचे रान दिसते, वाडीही दिसते. मात्र या दोहोंच्या मध्ये दडलेला कडा वरून दिसत नाही. ‘इथून सरळ खाली उतरून जाऊ’ असे वाटण्याचे मूळ या फसव्या देखाव्यात आहे, आणि डोंगरात वाट चुकलेली माणसे कड्यात अडकतात तीही बहुधा याच समजुतीने.

बुधला माचीवरून धारेकडे येताना एका कातळटप्प्यावर हातापायांचा आधार घेत उतरावे लागते. त्यानंतरची सुरुवातीची धार अरुंद आहे. एका हाताला वेल्ह्याकडचे खोरे आणि दुसऱ्या हाताला भाटघरच्या पाणलोटात जाणारे वेळवंडीचे खोरे, यांमधून ती पुढे सरकते. पावसाळ्यानंतर काही आठवडे माती ओली असते आणि पाऊल धरते. फेब्रुवारीत मात्र गवत वाळून आडवे पडलेले असते, त्यावरून बूट सटकतो, आणि जिथे गवत नाही तिथे मुरमाचा घसारा असतो. वाट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जमिनीवर दीड फूट रुंदीची पट्टी आखून तिच्यावर चालायला सांगितले तर त्या ११ जणांपैकी एकही अडखळला नसता. अवघड आहे ते दोन्ही बाजूंचे मोकळे आकाश, ज्यामुळे डोळ्यांना टेकायला जवळचे काहीच उरत नाही. आपला तोल कानाच्या आतली रचना, पायांची जाणीव आणि डोळे यांच्यावर मिळून चालतो. जवळचा आधार नजरेला मिळेनासा झाला की शरीर थोडे डोलू लागते, माणसाला ते डोलणे जाणवते आणि भीती तिथून वाढत जाते. म्हणून या भीतीला भित्रेपणा म्हणणे चूक आहे, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

आणखी एक गोष्ट. अरुंद धारेवर रांगेतला कोणीही थांबला की रांग दुभंगते. त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. कोणता माणूस आणि कोणते सामान रांगेत कुठे आहे, याला अशा वाटेवर जे महत्त्व येते ते सपाटीवर कधीच नसते.

त्या दिवशीचा क्रम

पहाटे पाच वाजता वेल्हे सोडायचे ठरले होते. आदल्या रात्री पोहोचायला उशीर झाला, सगळ्यांची झोप जेमतेम तीन तास झाली आणि प्रत्यक्षात चालायला सुरुवात झाली ती सहा वाजून दहा मिनिटांनी. तोरण्याच्या वरच्या टप्प्यात कातळात रेलिंग लावलेले आहे. तिथे पावणेआठच्या सुमारास काका रेलिंगच्या अलीकडे दहा मिनिटे बसले. मी पाहिले, तेव्हा त्यांचे तोंड कातळाकडे होते आणि पाठ दरीकडे. नंतर ते दोन्ही हातांनी रेलिंग धरून, एक हात पुढे सरकल्याशिवाय दुसरा न सोडता वर आले. हे मला दिसले होते आणि मी त्याचा अर्थ ‘दमले आहेत’ असा लावला.

मेंगाईच्या मंदिरापाशी आम्ही नऊ वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो आणि न्याहारी उरकून दहा वाजून वीस मिनिटांनी निघालो. निघताना मी सर्वांना गोल उभे करून पुढची वाट सांगितली आणि शेवटी मोठ्याने विचारले, “सगळे ठीक आहेत ना? कोणाला काही त्रास?” सगळ्यांनी ठीक असल्याचे सांगितले. काकाही “एकदम मस्त” म्हणाले. या प्रश्नाकडे पुढे परत यायचे आहे.

बुधल्याखालचा कातळटप्पा उतरायला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ लागला. सगळे खाली आले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटे झाली होती आणि आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तासांहून अधिक मागे पडलो होतो. पुढे मी, माझ्यामागे पाच सदस्य, मग काका, त्यांच्यामागे तीन सदस्य आणि सर्वांत शेवटी सहकारी, अशा क्रमाने आम्ही धारेला लागलो.

अडचण

बारा पस्तीसच्या सुमारास धारेच्या एका अरुंद भागात, जिथे वाट गुडघाभर खाली उतरून पुन्हा वर चढते, काका थांबले. समोरचा उतरता टप्पा त्यांनी पाहिला, एक पाय पुढे टाकला, परत घेतला आणि वाटेवरच बसले. उजव्या हाताने त्यांनी कारवीचे बुंधे घट्ट धरले होते. चेहऱ्याचा रंग उतरला होता, श्वास भराभर चालू होता आणि काही क्षणांनी ते म्हणाले की बोटांना मुंग्या येत आहेत. आम्ही पुढचे सहा जण तो टप्पा ओलांडून २५ ते ३० फूट पुढे गेलो होतो. मागचे चौघे त्यांच्या पलीकडे अडकले होते.

पहिली पाच-सात मिनिटे आम्ही वाया घालवली, आणि नुसती वाया नाही तर परिस्थिती बिघडवण्यात घालवली. मी पुढून ओरडून धीर देत होतो, माझ्यामागचे दोघे पाय कुठे ठेवायचा ते सांगत होते आणि मागून एक जण “काका, खाली बघू नका” म्हणत होता. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि अशा जागी तो घातक आहे, कारण खाली न बघता पाऊल ठेवायचे कुठे? चार तोंडांनी चार सूचना ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर तोलाचा एक आधार आणखी गेला.

सहकाऱ्याने मागून हात वर करून सगळ्यांना गप्प राहण्याची खूण केली. त्या प्रसंगातला पहिला योग्य निर्णय त्याचा होता.

समोर असलेले पर्याय

सहकारी आणि मी काकांच्या डोक्यावरून, शक्य तितक्या शांत आवाजात बोललो. एकमेकांजवळ जाता येत नसल्यामुळे सगळी चर्चा त्यांच्यासमोरच होत होती. हेही बरोबर नव्हते, पण त्याला इलाज नव्हता.

पहिला पर्याय, त्यांना धीर देऊन पुढे नेण्याचा. माझा कल सुरुवातीला याच बाजूला होता. धारेचा अरुंद भाग संपायला काकांच्या चालीने किमान एक तास लागला असता, त्यानंतर धार रुंद होते आणि पुढे खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर गाडी बोलावता येते. एकदा रस्ता गाठला की प्रश्न संपणार होता. पण या एका तासात अशा किंवा याहून अरुंद जागा आणखी येणार होत्या, आणि पहिल्याच जागी बसलेल्या माणसाला त्या माहीत नव्हत्या. मला होत्या.

दुसरा पर्याय, बुधल्याकडे परत फिरण्याचा. मागची धार त्यांनी नुकतीच चाललेली होती, म्हणजे ती अनोळखी नव्हती. कातळटप्पा परतताना चढायचा होता, आणि उंचीची भीती असणाऱ्याला उतरण्यापेक्षा चढणे सोपे जाते, कारण तोंड कातळाकडे राहते, हाताची पकड डोळ्यांसमोर असते आणि खोली पाठीमागे राहते. सकाळी रेलिंगपाशी काका हेच करत होते. अडचण अशी होती की त्यानंतर तोरणा पूर्ण उतरायचा होता आणि त्याच रेलिंगवरून खाली यायचे होते.

तिसरा पर्याय दोराचा होता. आमच्याकडे ३० मीटर दोर, टेप स्लिंग (मजबूत सपाट पट्टीचा फास) आणि कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) होते, पण दोर माझ्या सॅकमध्ये होता, म्हणजे काकांच्या चुकीच्या बाजूला. तो मागे फेकता आला असता. तरीही धारेवर दोर न वापरण्याचे आम्ही ठरवले, कारण तिथे दोर बांधण्यासारखा भक्कम खडक किंवा झाड नव्हते. कारवीचा बुंधा माणसाचे वजन पेलत नाही. अशा जागी घाबरलेल्या माणसाला आपल्या कमरेला बांधून घेणे म्हणजे तो घसरला तर दोघांनी जाणे होय. हातात दोर आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे, हा मोह नवख्या नेत्याला होतो. मलाही क्षणभर झाला होता.

चौथा पर्याय एका सदस्याने सुचवला : बाजूच्या गवताळ उतारावरून तिरके खाली जाऊन धारेला वळसा घालायचा. तेवढ्यात पुढच्या बाजूने शेळ्या घेऊन आलेले एक धनगर मामा आमच्यापाशी येऊन थांबले होते. मी त्यांना उताराविषयी विचारले, तर त्यांनी काठी खाली दाखवत सांगितले, “तिकडं उतरू नका दादा. गवत दिसतंय, पर खाली नुसता कडा हाय. शेळीबी जात न्हाई तिकडं.” विषय तिथेच संपला.

पाचवा पर्याय बाहेरून मदत बोलावण्याचा होता. गिर्यारोहण संस्थांच्या स्वयंसेवकांचे बचाव पथक बोलावता येते, पण पथक गोळा होऊन बुधल्याखाली पोहोचेपर्यंत रात्र झाली असती. इजा झालेली नव्हती आणि माणूस बोलत होता. मोबाइलला मधूनमधून संकेत मिळत होता, म्हणून वेल्ह्यातल्या गाडीचालकाला फोन करून गाडी तिथेच थांबवून ठेवायला सांगितले. अडीच वाजेपर्यंत आम्ही कातळटप्प्याच्या वर पोहोचलो नाही तर पथकाला कळवायचे, असेही ठरवले. वेळेची ही मर्यादा आधीच ठरवून ठेवल्याचा मला मनाने फार उपयोग झाला.

काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं.” भ्यालेल्या माणसाचे हे उत्तर संमती म्हणून धरता येत नाही. म्हणून सहकाऱ्याने प्रश्न बदलला : “काका, पुढचा दगड बघवत नाही की मागची वाट बघवत नाही?” काका लगेच म्हणाले, “पुढचा.” एक वाजून दहा मिनिटांनी परत फिरायचे नक्की झाले.

राहिला प्रश्न पुढच्या पाच जणांचा. त्यांना घेऊन मी राजगडाकडे जावे आणि सहकाऱ्याने काकांसह चौघांना मागे न्यावे, असे दोघांनी सुचवले. मी नकार दिला. तसे केल्यास दोन्ही तुकड्यांत एकेकच जाणकार राहिला असता, दोर एकाच तुकडीकडे असता, आणि तीन वाजेपर्यंत खिंडही न गाठलेली माझी तुकडी अंधारात संजीवनी माची चढत असती. सगळ्यांनी परत फिरायचे ठरले. एक सदस्य दूरच्या शहरातून रात्रभर प्रवास करून केवळ या धारेसाठी आला होता. त्याचा राग मला समजत होता आणि त्याने तो लपवलाही नाही.

प्रत्यक्ष कृती

सहकाऱ्याने मागच्या तिघांना आपल्या जागी बसायला सांगून, वाट जिथे थोडी रुंद होती तिथून त्यांना एकेक करून ओलांडले आणि तो काकांच्या मागे हाताच्या अंतरावर येऊन बसला. त्याने आधी त्यांची सॅक काढून घेतली आणि मागे दिली. पाठीवरचे सात-आठ किलो वजन उतरताच त्यांचे खांदे सैल झाले, हे मला पुढून स्पष्ट दिसले. मग त्याने श्वास मोजून घ्यायला लावला : आत घेताना चार अंक, सोडताना सहा. मुंग्या भराभर श्वासामुळे येतात आणि श्वास संथ झाला की जातात, हे त्याने त्यांना सांगितले. कारण कळल्याने निम्मी घबराट कमी झाली असावी. पाण्याची चौकशी केली तेव्हा समजले की पहाटेपासून त्यांनी तीन लिटरपैकी जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायले होते. अपुरी झोप, उन्हाचा तडाखा आणि कमी पाणी यांमुळे येणारी भोवळ भीतीत मिसळली होती. मीठ-साखर घातलेले पाणी घोट घोट पाजण्यात दहा मिनिटे गेली आणि ती सत्कारणी लागली.

उभे राहून वळणे ही त्या जागी सर्वांत अवघड क्रिया होती, म्हणून ती टाळली. सहकाऱ्याने त्यांना बसूनच, दोन्ही तळहात टेकवून मागे सरकायला लावले. दर वेळी एक वीत. तो प्रत्येक वेळी तळहात कुठे टेकवायचा तेवढेच सांगत होता, दुसरे काही नाही. आठ-दहा फुटांवर घोंगडीएवढी सपाट जागा होती. तिथपर्यंत पोहोचायला वीस मिनिटे लागली. त्या जागी ते वळले, उभे राहिले आणि डोळे उघडे ठेवून मागची वाट पाहू शकले. त्यानंतर आम्ही सहा जण टप्पा ओलांडून परत आलो. धारेवरून परतताना सहकारी त्यांच्यापुढे एक पाऊल आणि मी मागे एक पाऊल होतो. त्यांनी आम्हाला धरायचे नाही, आम्ही त्यांना धरायचे नाही. फक्त पुढच्याने जिथे पाय ठेवला तिथेच पाय ठेवायचा आणि नजर त्या पावलापलीकडे न्यायची नाही. या नियमाने ती धार ते चालत आले.

दोनच्या सुमारास कातळटप्प्याच्या पायथ्याशी सगळे जमलो. इथे दोर उपयोगी आला. सहकारी वर गेला, त्याने भक्कम खडकाभोवती स्लिंग टाकून दोर बसवला, आणि टेप स्लिंगचा कमरबंद करून काकांना व आणखी दोन सदस्यांना वरून दोराने सांभाळत चढवले. काका वर पोहोचले तेव्हा अडीचला चार मिनिटे कमी होती, म्हणून पथकाला कळवण्याची वेळ आली नाही. आश्चर्य वाटेल, पण ते तिघांत सर्वांत सफाईने चढले.

परिणाम

मेंगाईच्या मंदिरापाशी पावणेचारला पोहोचून, सगळ्यांना सावलीत बसवून आणि खायला घालून, सव्वाचारला आम्ही तोरणा उतरू लागलो. रेलिंगच्या भागात काकांना दोराचा आधार दिला आणि तो भाग निर्विघ्न पार पडला.

इजा झाली ती त्यानंतर, आणि ती काकांना नव्हे. पाच चाळीसच्या सुमारास, रेलिंगच्या बऱ्याच खाली, सोप्या मानल्या जाणाऱ्या मुरमाड उतारावर राजगडाला जाता न आल्यामुळे नाराज असलेला तो सदस्य झपाझप पुढे जाताना घसरला आणि त्याचा घोटा मुरगळला. क्रेप बँडेज बांधून, दोघांच्या खांद्यांचा आधार देऊन त्याला खाली आणायला वेळ लागला आणि शेवटचा तासभर हेड टॉर्चच्या उजेडात चाललो. वेल्ह्यात सात पन्नासला पोहोचलो. हाड मोडलेले नव्हते, पण त्याला तीन आठवडे घरी बसावे लागले.

निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

त्या दुपारी घेतलेले बरेच निर्णय आजही मला योग्य वाटतात. माझ्या चुका झाल्या त्या दुपारच्या आधी, जेव्हा वेळ होता, रुंद जागा होती आणि परत फिरण्याची किंमत जवळपास शून्य होती.

एका आठवड्याने काकांना फोन केला. त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनातून जात नाही. सकाळी रेलिंगपाशीच त्यांना परत जावेसे वाटले होते. मंदिरापाशी मी सर्वांना एकत्र विचारले तेव्हा त्यांच्या ओठांवर आले होते. पण आपल्या मुलांच्या वयाची आठ मुले ‘ठीक’ म्हणत असताना आपण एकट्याने ‘नाही’ कसे म्हणायचे आणि सगळ्यांची मोहीम कशी मोडायची, म्हणून ते गप्प राहिले. “तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं असतं तर मी सांगितलं असतं,” असे ते म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. चारचौघांत विचारलेल्या त्या प्रश्नाला एकच उत्तर शक्य होते आणि ते मीच त्यांच्या तोंडी घातले होते. उशीर झालेला असल्यामुळे मलाही तेच उत्तर हवे होते, हे मी येथे कबूल करतो.

दुसरी चूक वेळेची. धारेवर उतरण्याची शेवटची वेळ मी ठरवलेलीच नव्हती. बुधल्यावर दहा वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर धार करायची नाही, एवढा नियम आधी सांगितला असता, तर अकरा वाजता तिथे पोहोचलेले आम्ही कोणाच्याही भीतीचा विषय न काढता गड पाहून परत फिरलो असतो. काकांना काही कबूल करावे लागले नसते आणि त्या सदस्याचा राग घड्याळावर निघाला असता.

तिसरी चूक रांगेची. दोर पुढे आणि गरज मागे, ही स्थिती माझ्या नियोजनामुळे आली. शिवाय ज्याच्याविषयी शंका आहे त्याला रांगेच्या मध्यात ठेवू नये; तो नेत्याच्या लगेच मागे असावा, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरचा बदल पहिल्याच अवघड पावलाला दिसतो.

घोट्याच्या इजेविषयी मी बराच विचार केला. काकांची काळजी घेण्यात दोन्ही नेते गुंतले आणि बाकीचे आठ जण चांगले चालतात म्हणून त्यांच्याकडे लक्ष राहिले नाही. परत फिरण्याचा निर्णय झाल्यावर नाराज सदस्याशी पाच मिनिटे बोलायला हवे होते, आणि उतरताना रांगेच्या पुढे सहकाऱ्याला ठेवून वेग बांधून ठेवायला हवा होता.

त्यानंतर या वाटेवर जाताना आम्ही दोन गोष्टी बदलल्या आहेत. नोंदणीच्या वेळी गडांची यादी न विचारता, गच्चीच्या कठड्याशी किंवा उंच पुलावर उभे राहिल्यावर काय वाटते ते विचारतो. आणि मेंगाईच्या मंदिरापाशी, पाणी भरताना, प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतो. प्रश्नही वेगळा असतो : “सहकारी इथून काही जणांना घेऊन वेल्ह्याला परत जाणार आहे, तुम्ही त्याच्याबरोबर जाता का माझ्याबरोबर येता?” कोणी परतणार नसेल तर तो आमच्यासोबतच येतो, पण विचारताना परतीची तुकडी ठरलेलीच असते आणि गाडी दुपारपर्यंत वेल्ह्यात थांबलेली असते. यासाठी तिसरा जाणकार सोबत घ्यावा लागतो, म्हणजे एका तुकडीत दोन आणि दुसरीत एक राहतो. खर्च वाढतो, तो आम्ही वर्गणीत धरतो. गेल्या हंगामात दोघी जणी मंदिरापासूनच परतल्या आणि उरलेले आम्ही साडेपाचला अळू दरवाजात पोहोचलो.

एका मुद्द्यावर मात्र सहकाऱ्याचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. त्याच्या मते काकांनी पाणी पिऊन, श्वास सावरून त्या सपाट जागेवर उभे राहिल्यानंतर निर्णय पुन्हा तपासायला हवा होता, कारण त्या वेळी ते वेगळ्याच अवस्थेत होते आणि खिंडीतला रस्ता तोरण्याच्या उतरणीपेक्षा सोपा होता; पुढे गेलो असतो तर ती मुरमाड उतरण अंधारात आली नसती. माझे म्हणणे असे की धारेवर एकदा ‘परत’ म्हटल्यावर पुन्हा ‘पुढे’ म्हटले असते तर काकांचा आमच्या शब्दावरचा विश्वास गेला असता, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ दुसरा कोणताही आधार नव्हता. याविषयी आम्ही दोघे अजूनही दर हंगामात बुधल्याखाली तीच जागा आली की बोलतो.